फार्गो पिकअपमधलं डिझेल उतरवून पुन्हा फ्लॅटहेड सिक्स: दोन इंजिनांपैकी कुठलं घ्यावं?

सहा_व्होल्ट_पुणे

गाडी १९५१ ची फार्गो, अर्धा टन पिकअप, १०८ इंच व्हीलबेस, स्टिअरिंग उजवीकडे. मूळचं पेट्रोल सिक्स कधीच गेलंय. सध्या आत मॅटाडोरचं चार सिलिंडरचं डिझेल आहे आणि त्याच्यामागे कुठला तरी जुळवलेला गिअरबॉक्स. डिफरन्शियल मूळचं. गाडीसोबत पोत्यात बांधलेला मूळ तीन गिअरचा बॉक्स आणि बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं, फ्लायव्हीलवरचं कवच) मिळालंय. फ्लायव्हील, रेडिएटर, चोकची तार, मूळ माउंटिंग यातलं काहीच नाही.

दोन इंजिनं बघून ठेवली आहेत, दोन्ही सहा सिलिंडर फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह हेडमध्ये नाही, ब्लॉकमध्ये).

अ) १९४७ च्या प्लिमथचं. ब्लॉकवरच्या पॅडवर पी-१५ पासून सुरू होणारा नंबर. क्रँक पाव फेरा फिरतो आणि अडकतो.

ब) विकणारा "डिसोटोचं, मोठं इंजिन" म्हणतोय. नंबर वाचता येत नाही. क्रँक छान फिरतो. किंमत थोडी जास्त.

फिरतंय म्हणून ब घ्यावंसं वाटतंय. काय तपासू? आणि १२ व्होल्ट ठेवू की परत ६ वर जाऊ? आरटीओचं काय?

---

थाऊ_मोजा

पैसे देण्याआधी टेप घेऊन जा आणि हेडची लांबी मोजा. बाकी सगळं नंतर.

फार्गो, प्लिमथ, डॉज, डिसोटो सगळ्या क्रायस्लर कंपनीच्याच, आणि क्रायस्लरच्या फ्लॅटहेड सिक्सची दोन घराणी आहेत. अमेरिकन प्लिमथ-डॉजचा ब्लॉक आखूड, हेड साधारण २३ इंच. क्रायस्लर-डिसोटोचा आणि कॅनडात बनलेल्या प्लिमथ-डॉज-फार्गोचा ब्लॉक लांब, हेड २५ इंच. लांबून दोन्ही सख्खे भाऊ दिसतात, पण हेड पॅकिंग, हेड, मॅनिफोल्ड यातलं काही एकमेकांना लागत नाही.

आखूड घराण्यात २१८ (घन इंच) म्हणजे ३¼ इंच बोअर, ४⅜ इंच स्ट्रोक. त्याच बोअरला ४⅝ स्ट्रोक दिला की २३०. क्रँक आणि कनेक्टिंग रॉड दोन्ही बदलले तर २१८ चं २३० होतं, नुसता क्रँक टाकून होत नाही. लांब घराण्यात २३७, २५१, २६५ अशी चढती भाजणी. गोंधळ असा की कॅनडाचंही एक २१८ आहे, पण ते २५ इंची, ३⅜ बोअर आणि ४¹⁄₁₆ स्ट्रोकचं. तेव्हा "२१८ आहे" एवढ्यावर पिस्टन-रिंगा मागवू नका.

तुमची गाडी अमेरिकन बनावटीची असेल तर अर्ध्या टनाला मुळात आखूड २१८ येत असे. पी-१५ म्हणजे तेच, ९५ हॉर्स पॉवरचं. ते जवळजवळ जसंच्या तसं बसेल. २५ इंची बसतं, पण पुढचं माउंटिंग आणि रेडिएटर सुमारे दोन इंच पुढे सरकवावं लागतं. तुमच्याकडे मूळ रेडिएटरही नाही, म्हणजे सगळाच अंदाजपंचे कारभार.

आणि "फिरतंय" याला फार भाव देऊ नका. कुठल्याही बंद इंजिनात दोन-तीन सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे राहिलेले असतात. दमट हवा तिथूनच आत जाते आणि बोअरमध्ये गंजाचं कडं धरतं. पाव फेरा फिरून अडकणं हे बहुतेकदा त्याचंच लक्षण. फ्लॅटहेडमध्ये व्हॉल्व्ह पिस्टनला आपटत नाही, त्यामुळे तो धोका नाही. पहार लावून जोर करू नका, रिंगा आणि पिस्टनच्या कडा तुटतील. हेड उतरवा, डिझेल आणि गिअरचं पातळ तेल मिसळून दोन दिवस मुरू द्या, कडं पॉलिश पेपरने काढा, मग फिरवा. तसंही रिबोअर करणारच असाल तर त्या गंजाची किंमत शून्य.

---

भोसरी_लेथ

वरचं सगळं बरोबर. माझ्याकडून क्रँकच्या मागच्या बाजूचं.

फ्लँजवरची भोकं मोजा. साध्या क्लचच्या प्लिमथला चार बोल्ट. डॉज, डिसोटो, क्रायस्लरच्या ज्या गाड्यांना फ्लुइड ड्राइव्ह (क्लचच्या आधी तेलाचं कपलिंग) होतं त्यांच्या क्रँकला आठ बोल्ट आणि फ्लँज जाड. आठवाल्याला चार बोल्टांचं फ्लायव्हील बसत नाही, आणि मधल्या पायलट बुशाचं भोकही तुमच्या गिअरबॉक्सच्या शाफ्टला जुळेलच असं नाही. ब इंजिन डिसोटोचं असेल तर हे प्रकरण निघण्याची दाट शक्यता आहे. अ घेताना फ्लायव्हील, प्रेशर प्लेट आणि त्याचे बोल्ट त्याच माणसाकडून त्याच वेळी घ्या. सुटं फ्लायव्हील शोधत बसलात तर पावसाळा जाईल.

पोत्यातलं बेल हाउसिंग ही तुमच्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू. ट्रकच्या हाउसिंगला दोन्ही बाजूंना कान असतात आणि इंजिनचा मागचा भार त्या कानांखालच्या रबरांवर बसतो. कान तडकलेले नाहीत ना बघा. वेल्डिंग केलेलं असेल तर डाय पेनिट्रंट (तडे दाखवणारा रंग) मारून खात्री करा.

आता जे बहुतेक जण टाळतात ते. हे हाउसिंग दुसऱ्या ब्लॉकचं आहे, त्यामुळे नव्या ब्लॉकवर ते क्रँकच्या मध्याशी जुळतंय का हे डायल लावून बघावंच लागतं. फ्लायव्हीलवर मॅग्नेटचा स्टँड बसवा, सुई हाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवा आणि क्रँक हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. मग तीच सुई हाउसिंगच्या मागच्या तोंडावर टेकवून पुन्हा. दोन्ही ठिकाणी पाच-सहा थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत ठेवा. जास्त असेल तर डॉवेल पिना काढून हाउसिंग सरकवायचं, बोल्ट आवळायचे आणि नव्या पिनांसाठी भोक रीम करायचं. हे न करता बसवलं की महिनाभरात टॉप गिअर आपोआप सुटायला लागतो, पायलट बुश खाल्ला जातो, आणि दोष बिचाऱ्या गिअरबॉक्सवर येतो.

बोअर स्टँडर्ड ३.२५० इंच. वर आणि खाली मोजून दहा थाऊपर्यंत उतार निघाला तर सरळ रिबोअर. साठ थाऊ ओव्हरसाइझपर्यंत पिस्टन येतात. ब्लॉकला तडा शोधायचा तर व्हॉल्व्ह सीट आणि बोअर यांच्यामधल्या अरुंद पट्टीत शोधा, फ्लॅटहेड तिथेच फुटतं. आवळण्याचे आकडे, फूट-पाउंडात: मेन बेअरिंग ८० ते ८५, बिग एंड ४५ ते ५०, हेड ६५ ते ७०. हेडचे काही बोल्ट थेट पाण्यात उतरतात, त्यांच्या आट्यांना सीलंट लावलं नाही तर पाणी आट्यांतून वर येऊन प्लगाशेजारी साचतं आणि लोक हेड पॅकिंगला शिव्या देतात.

---

कात्रजचा_चढ

विचारतो म्हणून राग मानू नका. चालतं डिझेल काढून ७५ हून जास्त वर्षं जुनं पेट्रोल इंजिन घालायचं, लिटरला किती देईल याचा हिशोब केलाय का? घाटात ट्रकमागे पहिल्या गिअरवर तापत उभं राहायचं ते वेगळंच.

---

थाऊ_मोजा

@कात्रजचा_चढ, हिशोब करणारा माणूस १९५१ ची फार्गो घेतच नाही. आणि तापण्याचं म्हणाल तर फ्लॅटहेड तापतं ते एका नळीमुळे. पुढचे कुणीतरी त्यावर लिहितीलच.

---

पाणी_आणि_पितळ

लिहितो.

या ब्लॉकच्या आत, पाण्याच्या पंपामागे, ब्लॉकच्या लांबीभर जाणारी एक चपटी पातळ नळी असते. पंपाचं थंड पाणी ती थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटांपर्यंत पोचवते. पत्र्याची असली की गंजून चाळण होते. मग सगळं पाणी पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरपाशीच वर निघून जातं आणि मागचे पाच-सहा कोरडे तापतात. मीटरचा काटा मात्र निवांत. पाचव्या-सहाव्याचे व्हॉल्व्ह जळालेले दिसले की नळीच गेली म्हणून समजा.

इंजिन बाहेर आहे तोवरच हे काम करा. गाडीत असताना ती नळी ओढायला आधी रेडिएटर काढावा लागतो. पंप उतरवला की तोंडाशी नळीचं टोक दिसतं. ८ मिलिमीटरच्या सळईला टोकाशी आकडा करून आत अडकवा आणि स्लाइड हॅमरने हलके ठोके देत ओढा. घाई केली की पुढचा वीतभर तुकडा हातात येतो आणि बाकीचं आतच राहतं.

बाजूचे कोअर प्लग (पाण्याच्या जागेची गोल बुचं) सगळे काढा. शेवटच्या सिलिंडरपाशी पाण्याच्या जागेत चिखल, गंजाचे पापुद्रे आणि साच्यातली मूळ रेती असते, अक्षरशः मूठमूठ. लांब स्क्रूड्रायव्हरने खरवडायचं, प्रेशरच्या पाण्याने धुवायचं, पुन्हा खरवडायचं. पाणी स्वच्छ येईपर्यंत. नवे प्लग पितळी घ्या.

रेडिएटरवर १३ पाउंडाची आधुनिक कॅप लावू नका, जुन्या जोडांना ते झेपत नाही. चार पाउंड पुरे.

---

संगम_पूल

कागदांचं. आरसीवर इंजिन नंबर आणि इंधन दोन्ही लिहिलेलं असतं. दोन्ही बदलणार, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी लागते. इंजिन आणण्याआधी आरसीवर आत्ता काय लिहिलंय ते बघा. डिझेल कधी चढवलंच नसेल तर प्रश्न वेगळा आणि कदाचित सोपा.

इंजिनचं बिल घ्या, त्यावर पूर्ण नंबर लिहून घ्या, आणि ते ज्या गाडीचं आहे तिच्या आरसीची प्रत मिळाली तर सोन्याहून पिवळं. ब इंजिनाचा नंबर वाचता येत नाही, एवढ्या एका कारणासाठी मी ते घेणार नाही. नंबरचं पॅड ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पुढे, डायनॅमोच्या वर असतं. सँडब्लास्टिंगला देताना त्यावर दोन थर टेप लावा, नाहीतर स्वच्छ ब्लॉक मिळेल आणि नंबर गायब.

विंटेज नोंदणी करायची असेल तर २०२१ चे नियम वाचा. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, व्यापारी वापर नसलेली दुचाकी किंवा चारचाकी. चेसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसलेली. परक्या डिझेलसह ही गाडी त्या व्याख्येत बसवणं अवघड, मूळ जातीच्या सिक्ससह तुमची बाजू भक्कम. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' अक्षरं. त्या नोंदणीवर रोज मंडईत जाता येत नाही, हेही लक्षात असू द्या: प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच गाडी रस्त्यावर. आरसीवर मालवाहू असेल तर आधी ते निस्तरा.

---

सहा_व्होल्ट_पुणे

मोजून आलो. अ: हेड २३ इंच, फ्लँजला चार बोल्ट, फ्लायव्हील सोबत मिळतंय. ब: २५ इंच, आठ बोल्ट. म्हणजे अ. सगळ्यांचे आभार. आता वायरिंग आणि डिझेल काढताना काय जपू?

---

नाना_पेठ_कटआउट

डिझेल काढताना:

चेसीवर वेल्ड केलेली ब्रॅकेटं गॅसने कापू नका, ग्राइंडरने वेल्ड घासून काढा आणि खालच्या पट्टीला तडे आहेत का बघा. निष्काळजी हातांनी केलेली वेल्डिंग चेसी खाऊन बसलेली असते. मॅटाडोर स्वतः पुढच्या चाकांवर चालणारी, त्यामुळे या इंजिनामागे बॉक्स लावताना कुणीतरी मधला क्रॉस मेंबर नक्की कापला किंवा सरकवला असणार. तो परत जागेवर हवा. प्रोपेलर शाफ्टची लांबी मूळ बॉक्स प्रत्यक्ष बसवल्यावर मोजा, आधी नाही, आणि कापून जोडल्यावर बॅलन्स करून घ्या.

डिझेलची टाकी, नळ्या पूर्ण धुवा. टाकीला परतीच्या डिझेलची दुसरी नळी असेल, ती बंद करा. डिझेल बंद करायची ओढतार फेकू नका, चोकला तीच लागते. ब्रेकला बूस्टर लावलेला असेल तर तो आजवर डिझेलच्या व्हॅक्यूम पंपावर चालत होता. आता व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डमधून घ्यावा लागेल, मध्ये एकतर्फी व्हॉल्व्ह टाकून. हे विसरलात तर पहिल्याच उतारावर ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक लागेल.

व्होल्ट: मूळ पद्धत ६ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ. शो-गाडी करायची असेल तर तेच करा, पण बॅटरीची केबल ५० ते ७० चौरस मिलिमीटरची हवी. आजकालच्या गाडीची सडपातळ केबल लावली की इंजिन गरम असताना सेल्फ कण्हतो आणि लोक सेल्फ उघडतात. तुमच्याकडे १२ व्होल्टचा ऑल्टरनेटर आणि वायरिंग आधीच आहे, ते ठेवा. जुना सेल्फ १२ वर चालतो, फक्त एका वेळी पाच सेकंदांहून जास्त दाबून धरू नका. कॉइल १२ ची आणि बॅलास्ट रेझिस्टन्स. निगेटिव्ह अर्थ असेल तर कॉइलचं ऋण टोक डेल्कोकडे (म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे). उलट जोडलं तरी गाडी चालते, ठिणगी मात्र अशक्त होते आणि चढावर इंजिन खोकतं. पेट्रोलच्या मूळ काट्याला व्होल्टेज कमी करणारं वेगळं युनिट द्या.

उजव्या स्टिअरिंगमुळे एक अडचण: मॅनिफोल्ड, डाउनपाइप, पेट्रोल पंप सगळं उजवीकडे, आणि स्टिअरिंग बॉक्सही तिथेच. डाउनपाइप आणि स्टिअरिंगच्या दांड्यात बोटभर तरी अंतर ठेवा, इंजिन रबरावर हलतं. पेट्रोल पंप मॅनिफोल्डच्या पोटाखाली असल्याने एप्रिल-मेमध्ये सिग्नलला पेट्रोलची वाफ होते. पंपावर पत्र्याची ढाल मूळ कंपनीच देत असे, ती नसेल तर करून घ्या. पंपाचा डायफ्राम आणि सगळे होज इथेनॉल सोसणारे टाका. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं आणि त्याचा चुरा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसतो. शिसं नसलेल्या पेट्रोलची काळजी करू नका, एक्झॉस्टला कडक सीट कंपनीतूनच आहेत.

---

भोसरी_लेथ

पहिल्यांदा सुरू करतानाचं माझ्याकडून, मग मी गप्प.

उचलायला एक टनाचा चेन ब्लॉक. इंजिन अडीचशे किलोच्या आसपास. पट्टी हेडच्या बोल्टांवर लावा, मॅनिफोल्डला दोर बांधू नका. मॅनिफोल्डचे नट १५ ते २० फूट-पाउंडच. दोन्ही टोकांचे जास्त आवळले तर गरम झाल्यावर त्याला सरकायला जागा राहत नाही आणि कान तुटतो.

टॅपेट इंजिन खाली असतानाच लावा, दोन पातळ पाने हवेत. गरम इंजिनावर इनटेक ८ थाऊ, एक्झॉस्ट १०. थंड असताना दोन थाऊ जास्त ठेवा आणि तापल्यावर पुन्हा बघा.

टायमिंगसाठी सहाव्या सिलिंडरवर हेडमध्ये छोटा पाइप प्लग असेल. तो काढून तार सोडा. एक आणि सहा एकाच वेळी वर येतात, म्हणून तार सर्वात वर आली की टॉप. कॉम्प्रेशन कुठल्यावर आहे ते पहिल्याच्या प्लगाच्या भोकावर अंगठा ठेवून कळतं. तिथे डेल्कोचा रोटर घड्याळात सातच्या जागी हवा. डेल्को ऑइल पंपाच्या शाफ्टच्या खाचेत बसतो, त्यामुळे पंप एक दात चुकवून बसवला तर रोटर भलतीकडे बघतो. त्यासाठी पंप परत काढू नका, कॅपवरच्या वायरी त्या मानाने फिरवा. क्रम १-५-३-६-२-४, पॉइंटचा गॅप २० थाऊ.

ऑइल पंप बसवण्याआधी तेलाने भरा. चेंबरमध्ये ४.७ लिटर. प्लग काढून सेल्फ मारा, प्रेशरचा काटा उचलला की मगच प्लग लावा. वीस मिनिटं चालवा, थंड होऊ द्या, हेड पुन्हा आवळा.

व्हॅक्यूम गेज लावलात तर पुस्तकातले १८ ते २१ इंच शोधत बसू नका. ते समुद्रसपाटीचे. पुणं साडेपाचशे मीटरवर, इथे दोनेक इंच कमीच दिसणार. १६ वर काटा स्थिर असेल तर इंजिन ठणठणीत. एकाच तालात झटके खात असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये.

---

सहा_व्होल्ट_पुणे

नळी सात इंचावर तुटली. उरलेली आत आहे. आणि नवी मिळत नाहीये.

---

पाणी_आणि_पितळ

हेड काढलंय ना? मग वरच्या पाण्याच्या भोकांमधून उरलेली नळी दिसते. आखूड छिन्नीने तिला वरून हळूहळू पुढे ढकला, दोन भोकांमधलं अंतर एकावेळी. मागचा कोअर प्लग काढून तिथूनही रेटता येतं. तुकड्यातुकड्यांनी आली तरी चालेल, पण एकही तुकडा फेकू नका.

सगळे तुकडे कागदावर क्रमाने ठेवा, भोकांची जागा आणि व्यास पेन्सिलने आखून घ्या. तो कागद घेऊन कसब्यात तांबट आळीत जा. ०.८ मिलिमीटर पितळी पत्रा, शिवण ब्रेझिंगने, आणि शिवण खालच्या अंगाला. भोकं वर, व्हॉल्व्हकडे. रुंदी ब्लॉकच्या तोंडापेक्षा अर्धा मिलिमीटर कमी ठेवायला सांगा, नाहीतर पुढची नळी काढायला पुन्हा हाच धागा उघडावा लागेल.